हाताचं वजन

बेकरीत त्याला सगळे शंकासुर म्हणत. कुलूप लावलं की चार हिसके द्यायचे, पुढे जाऊन परत यायचं आणि पाचवा द्यायचा. बायको म्हणाली चहात साखर आहे, तरी हा चमच्याने तळ ढवळून बघणार. पाव जोखायच्या टेबलावर त्याचं बाविसावं वर्ष चालू होतं. दर तासाला भट्टीतले दहा पाव घ्यायचे आणि वजन वहीत लिहायचं. एक पाव चारशे ग्रॅमचा भरायला हवा.

मुख्य तपासनिसाची जागा रिकामी झाली, तेव्हा मालकाने नवंच खूळ काढलं. संख्याशास्त्राचा सुरुवातीचा वर्ग पास झालात तर जागा तुमची, नाहीतर बाहेरचा माणूस आणतो. वर्गाचा खर्च बेकरीचा, म्हणून शेवटचा अहवाल आधी मालकाच्या हातात पडणार होता.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी संगणकावर सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. आडव्या ओळीत एक पाव, उभ्या रकान्यात त्याची माहिती. ह्याने दहा आकडे भरले, बटण दाबलं, सरासरी हजर. ह्याने खिशातली पेन्सिल काढली आणि तळहातावरच भागाकार मांडला. उत्तर तेच. मग दुसरे दहा आकडे. तेही बरोबर.

"काका, अजून विश्वास बसेना?" बाई म्हणाल्या. ह्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या.

"बाई, विचार न करता जो फटकन उत्तर देतो, त्याच्यापासून मी चार हात लांब राहतो. मेहुणा असलाच आहे माझा."

वर्ग खो खो हसला. हा हसला नाही.

पुढचं काम होतं स्वतःच्या कामावरचे आकडे आणायचं. तीनशे पावांची वही आणि लेकीचा संगणक घेऊन तो घरी बसला. बायको वाचून दाखवायची, हा एका बोटाने भरायचा.

"चारशे. चारशे. चारशे दोन. चारशे. चारशे. अहो, ही वही आहे की पाढा?"

"वाच गुमान."

वर्गात आलेख काढला, तर मधोमध एकच उंच खांब आणि आजूबाजूला दोन-चार ठेंगणे खुंट. बाईंनी त्या खांबावर बोट ठेवलं.

"काका, भट्टीतून निघालेली वस्तू इतकी शहाण्यासारखी वागत नाही. थोडी कमी, थोडी जास्त भरणारच. हे सगळे पाव काट्यावर ठेवले होते?"

ह्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ठेवले नव्हते. त्या टेबलाची रीतच तशी होती. आधीच्या जोखणाऱ्याने शिकवलेली. पाव हातात झेलायचा, बरोबर वाटला तर चारशे लिहायचं. शंका आली तरच काट्यावर ठेवायचा. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या ह्या गड्याने बावीस वर्षांत स्वतःच्या तळहातावर कधी घेतला नव्हता.

"माझा हात काट्याला भारी आहे," तो गुरगुरला.

"मग मोजूनच बघू या की," बाई म्हणाल्या.

तीन दिवस त्याने दोनशे चाळीस पाव जोखले. एका रकान्यात हात, दुसऱ्यात काटा, तिसऱ्यात वेळ. सकाळी हात आणि काटा हातात हात घालून चालले होते. एखाद-दुसऱ्या ग्रॅमचा फरक. त्याची छाती फुगली. पण दुपारी दोननंतर आलेखातल्या दोन रेषांची फारकत झाली. हात चारशे म्हणायचा आणि काटा तीनशे अठ्ठ्याऐंशी. दमलेल्या दंडाला हलका पावही जड लागत होता. त्याने पेन्सिलीने पुन्हा भागाकार केला. यंत्र चुकावं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. ते चुकलं नव्हतं.

"हाताचा रकाना काढून टाका," बायको म्हणाली. "नुसते काट्याचे द्या. पास होताय ना? मालकाला कळलं, बावीस वर्षं दुपारचे पाव अंदाजपंचे गेले, तर जागा राहिली बाजूला, आहे तीही जायची."

त्याने रकाना निवडला, दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: खरंच काढून टाकायचा?

"हा कोण मला विचारणारा?" तो खवळला. मग त्यालाच शंका आली. रकाना काढला, तरी सहा महिन्यांत कुणीतरी दुपारचा पाव काट्यावर ठेवेल, हेच शोधेल आणि सगळ्यांसमोर सांगेल. त्याने 'नाही' दाबलं आणि शेवटचा अहवाल होता तसा मालकाकडे पाठवून दिला.

चौथ्या दिवशी मालकाने बोलावलं. समोर तोच आलेख.

"हे कुणी शोधून काढलं?"

"यंत्राने."

"आणि पाठवलं?"

"मी."

मालकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उद्यापासून प्रत्येक पाव काट्यावर. कुणाचाही हात चालणार नाही. आणि हे तुम्हीच बघायचं. जागा तुमची."

हा जागचा हलेना.

"आता काय?"

"लिहून द्या," तो म्हणाला.

मालकाने कपाळाला हात लावला, कागद ओढला आणि लिहून दिलं. ह्याने तो दोनदा वाचला, तारीख तपासली आणि मग दुपारची पाळी सुरू करायला गेला.