पिवळीच्या पायाचा लिलाव

माझी सगळी नोकरी वीज बिलाच्या खिडकीत गेली. बाहेर रांग, आत मी. "उद्या भरतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही कोणी झोपेत जरी कानाशी म्हणालं, तरी मी "मग उद्या लाईन कट" असं ओरडत उठेन. म्हणूनच निवृत्तीनंतर आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात पैशांचं काम सगळ्यांनी एकमताने माझ्या गळ्यात घातलं. कुत्र्यांना अंघोळ घालायला हौशी माणसं मिळतात हो. औषधवाल्याचा फोन उचलायला कोणी मिळत नाही.

निवारा म्हणजे रत्नागिरी शहराबाहेर सड्यावर, उघड्या कातळमाळावर, चिऱ्याच्या चार भिंती आणि वर पत्रे. चालवणारे आम्ही पाच-सहा जण, सगळे बिनपगारी. डॉक्टर दर शनिवारी देवरूखहून येतात आणि स्वतःची फी घेत नाहीत. पण औषधं, भूल, एक्स-रे यांना पैसे पडतातच. आमचा नियम सोपा: जनावर आणेल त्याने जमेल तेवढं द्यावं. आता जमेल तेवढं म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एका गृहस्थांनी मांजराला घातलेल्या टाक्यांबद्दल फणस आणून दिला. फणस औषधवाल्याला चालत नाही. मी विचारून बघितलं.

अशातच मे महिन्यातल्या एका शनिवारी मांडवीची एक मासे विकणारी मावशी दारात रिक्षातून उतरली. हातात माशांची पाटी आणि पाटीत पिवळी कुत्री. ही पिवळी रोज बाजारात मावशीच्या शेजारी बसायची, आणि गिऱ्हाईक जास्तच घासाघीस करायला लागलं की गुरगुरायची. म्हणजे तशी ती मावशीची भागीदारच. किनाऱ्यावर रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीने तिचा मागचा पाय मोडला होता.

"कोणाची गाडी?" मी विचारलं. माझा पारा आधीच चढला होता.

"होती एक," मावशी म्हणाली, आणि पिवळीच्या कानामागे खाजवत राहिली.

डॉक्टरांनी पाय तपासला आणि चष्मा काढला. चष्मा काढला की खर्च मोठा, हे आम्ही सगळे शिकलोय. हाडात धातूची पट्टी बसवायला हवी, तीही आठवड्याच्या आत. नाहीतर पाय कापावा लागेल. पट्टी, स्क्रू, भूल आणि नंतरची औषधं मिळून दहा हजारांच्या घरात जाईल, आणि पट्टीवाला कोल्हापूरचा, पैसे आल्याशिवाय माल काढत नाही. आमच्याकडे होती औषधवाल्याची उधारी.

"तीन पायांवर जगतात हो कुत्री," कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं.

"तू जगून दाखव आधी," मावशी म्हणाली.

तोडगा काढला आमच्यातल्या रिक्षावाल्याने. सत्यनारायण घालायचा, आणि वाडीत घालतात तसा पूजेच्या नारळाचा आणि फळांचा लिलाव करायचा. मे महिना होता, चाकरमानी मुंबईहून आलेले, खिसे गरम. मला कल्पना एकदम पटली. आपण मागायचं नाही, लोकच चढाओढीने बोली लावणार. बिलाच्या खिडकीत असं एकदा तरी व्हायला हवं होतं!

मंगळवारी पूजा झाली. कुत्र्यांनी आरतीला साथ दिली. मावशी ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून, अबोलीचा वळेसर माळून आली होती, आणि येताना वाडीतल्या बऱ्याच जणांना ओढून घेऊन आली होती. रिक्षावाल्याने केळ्यांची फणी उचलली, ती पाचशेला गेली. अननस आठशेला गेला. मग त्याने नारळ हातात घेतला, औषधाच्या गुंगीत झोपलेल्या पिवळीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बोला! एकशे एक!"

मावशीच्या वाडीतला एक चाकरमानी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. पांढरी पँट, डोळ्यांवर काळा चष्मा. तो म्हणाला, "एक हजार." सगळ्यांनी माना वळवल्या. तेवढ्यात आमच्या मावशीचा आवाज आला, "दीड!"

मला वाटलं, चुकून बोलली. पण त्याने दोन म्हटलं, हिने तीन. त्याने चार, हिने पाच. बाकीचे केव्हाच बाजूला झाले होते. बोली चढत होती, आणि तो काळ्या चष्म्यातून जमिनीकडे बघत होता, कोणाशी नजर मिळवत नव्हता. काय तो तोरा! मावशी मात्र त्याच्याकडेच टक लावून बसलेली, आणि कमरेला खोचलेल्या कनवटीची गाठ तिने घट्ट मुठीत धरलेली. मिश्रीची पुडी असणार, मी मनात म्हटलं. म्हातारीने तेवढ्याच जोरावर लढाई मांडलीय.

"साडेदहा हजार," मावशी म्हणाली. हिच्याच गळ्यात पडलं तर? मी तिचा पदर ओढला. तिने माझा हात झटकला.

"अकरा," तो म्हणाला, एकदम हळू.

मावशीने कनवटीवरची मूठ सोडली. एक वार, दोन वार, तीन वार! टाळ्या पडल्या, कुत्री भुंकली, मी आनंदाने डॉक्टरांना सांगितलं, "शनिवारी ऑपरेशन!" आणि डबा घेऊन पहिली त्या चाकरमान्याकडे गेले.

"अकरा हजार. सुटे नसले तरी चालेल."

तो गोंधळला. "काकी, लिलावाचे पैसे पुढच्या सालच्या पूजेला देतात ना?"

अगं आई गं! जन्म गेला माझा रत्नागिरीत. लहानपणापासून पूजेचे लिलाव बघितलेत. आज बोली लावायची आणि पुढच्या वर्षी पूजेला येऊन पैसे मोजायचे, हा रिवाज मला काय कोणी नव्याने सांगायला हवा? पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण तो इतका अंगात मुरलेला की त्याचा वेगळा विचार कोण करतो! लोकांनी भरभरून बोली लावली होती ती त्याच भरवशावर. केळीवाला म्हणाला पुढच्या वर्षी, अननसवाला म्हणाला पुढच्या वर्षी.

माझा तोल गेला. "हाड काय पुढच्या सालापर्यंत वाट बघतंय?" मी त्या पांढऱ्या पँटवाल्याला सगळ्यांसमोर असा झापला, की पूजा सांगणारे गुरुजी शिऱ्याची वाटी घेऊन बाहेर जाऊन बसले. "बडेजाव मारायला अकरा हजार, आणि द्यायला एक साल!" त्या बिचाऱ्याने खिसे उलटे करून होते नव्हते ते दीड हजार माझ्या डब्यात टाकले. तेवढ्यात मावशी कनवटीशी चाळा करत माझ्याजवळ आली, "बाय, मी काय म्हणते," पण मी कुठली ऐकतेय!

डॉक्टर शांतपणे प्रसाद खात होते. हात धुऊन त्यांनी कोल्हापूरला फोन लावला. त्यांचं एकच वाक्य ऐकू आलं, "तुम्ही मूळचे आपल्या कोकणातल्या सावर्ड्याचे ना? मग तुम्हाला माहीत आहे." जरा वेळाने ते हसत आमच्याकडे वळले.

"पट्टीवाला म्हणतो, पूजेच्या लिलावाचे पैसे आहेत ना, मग बुडायचे नाहीत. उद्याच्या एसटीने पट्टी पाठवतो."

आयुष्यभर मी रोखीवर विश्वास ठेवला, आणि कामाला आली ती उधारी. शनिवारी ऑपरेशन झालं. पिवळी पावसाळाभर आमच्याकडे राहिली, नवरात्रात मावशीबरोबर बाजारात बसू लागली. थोडी लंगडते, पण गुरगुरणं पहिल्यापेक्षा वाढलंय.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा पूजा घातली. केळीवाला आला, अननसवाला आला, ज्याने त्याने आपापले पैसे पाटावर ठेवले. तो चाकरमानीही मुंबईहून आला आणि त्याने अकरा हजार ठेवले. मी म्हटलं, "अरे, दीड दिलेस ना गेल्या साली." तो म्हणाला, "ते वेगळे, काकी." मला माझ्याच तोंडाची लाज वाटली.

तेवढ्यात मावशीच्या मागून पिवळी पुढे आली. त्याला बघितलं मात्र, शेपूट पोटाशी घेऊन मावशीच्या नऊवारीत शिरली आणि तिथून जिवाच्या आकांताने भुंकायला लागली. सगळ्यांना सोडून त्याच्यावरच. तो खाली बसला. चष्मा काढला.

"मावशी," तो म्हणाला, "माझीच गाडी होती गो."

"मला ठावं हाय," मावशी म्हणाली. "मी तिथंच उभी होते ना. म्हणून तर तुला प्रसादाला बोलावलं."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"बोलले असते तर भांडला असतास. म्हणाला असतास, रस्त्यातली कुत्री. दोन हजार टाकले असतेस माज्या अंगावर. आता आपल्या तोंडाने बोललास, देवासमोर."

म्हणजे बोली चढवत होती ती यासाठी! "अहो मावशी, पण तो मधेच थांबला असता तर?" मी विचारलं. "साडेदहा हजार कुठून आणणार होतात?"

मावशीने पिवळीला थोपटून गप्प केलं.

"त्या दिवशी माज्या कानाकडे बघितलंस का गो तू? कुड्या काढून कनवटीला बांधून आणल्या होत्या. तुला तेच सांगायला आले, तर तू मला बोलू देशील तर ना."

मी तिच्या कानांकडे बघितलं. मोत्याच्या कुड्या कानात होत्या. रिक्षावाल्याने नारळ उचलला आणि म्हणाला, "बोला, एकशे एक!" आणि या खेपेला पहिली बोली मी लावली.