दोनदा दाबायचा ब्रेक

ट्रकमध्ये बसले की बाबा आधी ब्रेक दोनदा दाबायचे. चावीला हात नंतर. रोज सकाळी, न चुकता. पहिल्या दाबाला पायाखाली नुसती पोकळी लागायची, दुसऱ्याला कुठे ब्रेक धरायचा. आजोबांनी ट्रक घेतला तेव्हापासूनची ही खोड.

"या घराण्याला एकदा सांगून कळत नाही, ट्रकला तरी कसं कळावं?" आई म्हणायची. बाबा हसायचे, दोरीची गाठ आवळायचे आणि कुणाचा तरी संसार घेऊन निघायचे. कपाटं, गाद्या, वर उताणी पडलेली खुर्ची. मुलीला चालवायला शिकवलं तेही असंच. "पहिला दाब विचारायला, दुसरा थांबायला."

ते गेल्यावर लोकांची घरं हलवायचं काम तिने अंगावर घेतलं, आणि पाठोपाठ ट्रकच्या तपासणीची तारीख आली. पास झाला तर रस्त्यावर, नाही तर भंगारात. तिने ब्रेक पुरता नवा करून घेतला. "आता एका दाबात थांबेल, बघच तू," मिस्त्री म्हणाला. तिने मान हलवली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मैदानात पांढरी रेघ आखलेली होती. तपासनीस शेजारी येऊन बसले. "वेग घ्या. मी हात वर केला की रेघेच्या आत थांबायचं."

हात वर झाला. तिने ब्रेक दाबला, पाय उचलला, पुन्हा दाबला. ट्रकने आचका दिला, सुटला आणि रेघ ओलांडून थांबला. साहेबांचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं.

"ब्रेक नवा टाकलाय म्हणालात ना?"

"हो साहेब."

"मग पाय जुनाच ठेवलात काय?"

"वडिलांची सवय आहे, साहेब. लागली ती लागलीच."

"मग वडिलांनाच आणायचं होतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर. "घ्या मागे. आता शेवटचं बघतो."

ट्रक मागे घेताना तिच्या तळपायांना घाम सुटला. ब्रेक धरणार हे डोक्याला पटलं होतं, पायाला नव्हतं. त्या सीटवर बसलेल्या प्रत्येकाने पाय उचललाच होता. तिने चप्पल काढली. वेग घेतला. रेघ जवळ येत गेली, हात वर झाला, तिने ब्रेक दाबला आणि मांडी आपोआप वर येऊ लागली. तेव्हा तिने स्टिअरिंगवरचा एक हात सोडून स्वतःचाच गुडघा खाली दाबून धरला.

ट्रक थांबला. मागच्या रिकाम्या हौद्यात दोरखंड घसरत पुढे आले. रेघ अजून समोर होती.

"पास," साहेब उतरता उतरता म्हणाले. "बाजूला लावा. कागद घेऊन येतो."

पेडलवरचा पाय उचलावा की नाही, हेच तिला काही वेळ कळेना. मग तिने गाडी वळवली. फाटकापाशी भरपूर जागा होती, पण ऊन होतं. भिंतीकडे सावलीची चिंचोळी पट्टी. ती भिंतीकडे निघाली.

आपल्या शेवटच्या दिवशी, दुपारी, बाबा कामावरून आले, चावी तिच्या हातात दिली आणि जरा पडतो म्हणून आत गेले. ते पुन्हा उठले नाहीत. पण आत जाण्याआधी, उंबऱ्यावरून मागे वळून, ते एवढंच म्हणाले होते, "सावलीत लाव गं, सीट तापते."