रघूचा डावा हात

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. रिसेप्शनला आलेली माणसं गाणाऱ्या बाईकडे बघतात, ड्रमवाल्याकडे बघतात, फार तर जेवणाच्या रांगेकडे. बँडमध्ये बेस वाजवणारा बिंदुमाधव प्रत्येक फोटोत अर्धा असायचा. खांदा आला तर डोकं कापलेलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. मेटगळ्ळीच्या कारखान्यात जन्मभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस, कौतुकाची सवय लागणार कुठून?

त्यालाही एकच गोष्ट बघायची असे. रघूत्तमचा डावा हात.

रघूत्तम गिटार वाजवायचा. हूटगळ्ळीला राहायचा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. नोटेशन दोघांनाही वाचता येत नव्हतं. तरुणपणी रघूनेच बिंदूच्या गळ्यात बेस अडकवला आणि बजावलं होतं, "हे बघ, मी बोलतोय तेव्हा तू मध्ये बडबडायचं नाही. मी श्वास घेतला की दोन शब्द बोल अन् गप्प हो. सुम्ने, उगाच माझी नक्कल करू नको. पण कॉर्ड बदलला की पहिल्या ठोक्याला तू माझ्याखाली हजर पाहिजेस, कळलं काय रे?"

कळलं होतं. तेव्हापासून बिंदू स्टेजवर रघूच्या डाव्या अंगालाच उभा राही. रघूची बोटं सरकली की याचं बोट खालच्या सुरावर पडलेलंच. डोळ्यांचं हे काम इतकं मुरलं, की गाणं पाठ असूनही बिंदू हाताकडे बघायचा आणि हात जाईल तिकडे जायचा.

गेल्या वर्षी बोगादीच्या गणपतीत पहिल्यांदा झालं. एफ कॉर्ड हवा तिथे रघूची बोटं ई वर गेली. बिंदूला ते दिसलं आणि तोही ई वर गेला. गाणारी सहना जराशी दचकली, सावरली. ऐकणाऱ्यांना वाटलं, चाल बदललीय. कुणीतरी तर वा म्हणालं! गिटार एकटी चुकली तर कानाला टोचते. बेस तिच्याखाली जाऊन उभा राहिला, की चूकसुद्धा ठरवून केल्यासारखी वाटते. बिंदूला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. मित्राची लाज राखली, आणखी काय पाहिजे?

मग हे वरचेवर होऊ लागलं. कधी एक कडवं गाळलं जाई, कधी एकच कॉर्ड फिरून फिरून येई. बिंदू निमूटपणे मागे जात राहिला. वर्षभर तो एकदाही बोलला नाही.

आणि एका सकाळी रघूची बायको, तुंगावैनी, दारात उभी. चपला काढायच्या आधीच रडायला लागली.

"भावजी, हे काल घरचा रस्ता विसरले. रिंग रोडला उभे होते, ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, मला काय धाड भरलीय? परवा अख्खा प्रोग्राम वाजवला, एक चूक नाही. हवं तर बिंदूला विचार."

"असं म्हणाला?"

"म्हणून तर विचारायला आले. तुम्ही सांगाल तेच ते ऐकतील."

बिंदूला आता कळलं. अय्यो, काय करून बसलो हे! ज्याला आपण लाज राखणं समजत होतो, त्यानं रघूच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. वैनीला चहाचंही न विचारता तो आत गेला, बेस उचलला आणि तिच्याबरोबरच हूटगळ्ळीला निघाला.

रघू खूश झाला. "ये गुरू! आज प्रॅक्टिस?"

"तेच बोगादीचं गाणं घेऊ," बिंदू म्हणाला.

वैनी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. दोघं सुरू झाले. एफची जागा जवळ आली. आयुष्यात पहिल्यांदाच बिंदूनं मान खाली घातली आणि रघूच्या हाताकडे बघणं सोडलं. खाली त्याचा एफ वाजला. वर रघूचा ई वाजला.

किती वाईट वाजलं ते! रघूनं हात झटकला. "एनाय्तो? काय झालं रे? बघ की नीट!"

"परत घेऊ."

परत तसंच. तिसऱ्यांदा रघू थांबला. त्यानं बिंदूच्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि बराच वेळ त्या दोन हातांकडे आळीपाळीनं बघत राहिला. शाळेत पोराचं गणित तपासावं तसा.

"बिंदू, मी चुकलो काय रे?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! "हो रघू. तू चुकलास. वर्षभर चुकतोयस."

"मग माझ्याबरोबर तू का चुकत होतास?"

"तू एकटा पडू नयेस म्हणून रे," बिंदू म्हणाला आणि ढसाढसा रडला.

रघू रडला नाही. त्यानं गिटारच्या तारांवरून हात फिरवला. "तुंगा," त्यानं हाक मारली, "उद्या डॉक्टरकडे जायचं." मग उठला, खुर्ची उचलून बिंदूच्या डाव्या अंगाला नेली, आणि बसून त्याच्या बेसकडे तोंड केलं.

"आता तू पुढे. मी तुझा हात बघतो."

बिंदूनं डोळे पुसले, एफवर बोट ठेवलं आणि तार छेडली. रघूची बोटं त्या जागी पोचायला वेळ लागत होता. बिंदू तोच एक सूर वाजवत थांबला.