कापडाची कात्री आणि कलिंगड

मास्तर शाळेतले नव्हते. शर्टांच्या कारखान्यात कापड कापायचे, एकतीस वर्षं. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक पसरायचे, वर कागदाची आखणी, आणि मग विजेच्या सुरीनं एका दमात साठ बाह्या, साठ कॉलर. एखादी बाही दोऱ्याएवढी जरी सरकली तरी साठच्या साठ शर्ट वाया. तशी सरकली नव्हती कधी, असं मास्तर सांगायचे. एकदा सरकली होती, असं बाकीचे सांगायचे.

कोपरे मात्र हातानं, कात्रीनं. मास्तरांची कात्री काळ्या दांड्याची होती, चांगली हातभर आणि अशी जड की पायावर पडली तर बोट जाईल. तिनं फक्त कापड कापायचं. एकदा कुणीतरी तिनं सुतळी कापली तर मास्तर त्या माणसाशी तीन दिवस बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी बोलले ते ऐकून तो म्हणाला, नव्हते बोलत तेच बरं होतं.

ही कात्री एकतीस वर्षांत घरी आली नव्हती. ती बुधवारी आली. फडक्यात गुंडाळून, डब्याच्या पिशवीतून. मास्तरांनी स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून ती साखरेच्या डब्यामागं सारली आणि हातपाय धुवायला गेले.

झालं होतं असं की कारखान्यात कापायचं मशीन आलं होतं. कॉम्प्युटरवर आखणी आणि ब्लेड आपलं आपण फिरणार. मालकांनी मास्तरांना बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तिथंच मास्तरांना कळलं. "सोमवारपासून तुम्ही बटणांच्या टेबलावर बसा, बसून काम आहे, आराम," मालक म्हणाले. घरी हे सांगायचं म्हणजे नक्की कुठल्या वाक्यापासून सुरुवात करायची ते मास्तरांना सुचेना, म्हणून ते सांगितलंच नाही.

आता राहिलं काय, तर रविवारचं ताट.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बिल्डिंगची सगळी मंडळी एका संध्याकाळी गच्चीवर जमायची. चाळीसेक माणसं, सतरंज्या, गप्पा, पोरांचा दंगा. आणि मधोमध मास्तरांनी कापलेल्या फळांचं ताट. ताट म्हणायचं एवढंच, खरं तर ती लाकडाची भलीमोठी फळी होती, कारखान्यातलं जुनं कापायचं टेबल मोडलं तेव्हा त्याचा एक तुकडा मास्तरांनी मागून आणला होता आणि घासूनपुसून तेल लावून गुळगुळीत केला होता. त्यावर कलिंगडाचे त्रिकोण, खरबुजाच्या चंद्रकोरी, अननसाच्या चकत्या, असं सगळं एका मापात. आठ वर्षं. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणायचे ते शर्टांमुळं नाही, त्या ताटामुळं.

पण ह्या वर्षी सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "मास्तर, एक विचार चाललाय. दुकानात आता कापलेली फळं कपात मिळतात, वर झाकण, आत काटा. प्रत्येकाला आपला आपला कप. म्हणजे तुम्हालाही त्रास नको."

"मला कसला त्रास?"

"नाही, म्हणजे वयपरत्वे."

"तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहात."

"म्हणून तर मी कप मागवतोय," सेक्रेटरी म्हणाले आणि स्वतःच हसले. "बरं, तुमचं ताट होणार असेल तर रविवारी दुपारपर्यंत सांगा, मी कप कॅन्सल करतो."

म्हणजे इकडं मशीन आणि तिकडं कप. मास्तरांनी ठरवलं, ह्या वर्षी ताट असं करायचं की कपाचं नाव कुणी काढता कामा नये.

मास्तरांची बायको शाळेत शिपाई होती. तासाचे टोल तीच द्यायची, म्हणून पोरं तिला टोलबाई म्हणायची आणि बिल्डिंगमध्ये नुसतं बाई. दरवर्षी ताटाच्या वेळी ती शेजारी उभी राहून फळं धुऊन पुसून हातात द्यायची आणि मध्येच अडवायची. "थांबा. अजून वेळ आहे. सफरचंद आत्ता नको." मास्तरांना वाटायचं हिला मेलीला घाई कसली ती माहीत नाही. पण द्यायची तेव्हाच फळ हातात यायचं, करणार काय.

ह्या रविवारी तिच्या बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये होता, तिला बघायला जायचं होतं.

"साडेतीनला येते," चपला घालताना बाई म्हणाली. "साडेपाचला वर जायचंय, भरपूर वेळ आहे. तोवर सुरी लावू नका कशाला."

"एकतीस वर्षं कापतोय मी."

"कापायचं कुणी नाही म्हणतंय? कधी कापायचं ते सांगतेय."

ती गेली. मास्तरांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि सुरी काढली.

काम मात्र बघत राहावं असं केलं. आधी वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं आखणी. मधोमध अननस, भोवती कलिंगडाची किरणं, मग खरबूज, पपई, किवी, कडेला केळ्याच्या आणि सफरचंदाच्या चकत्या एकीवर एक अर्धी अर्धी चढवून, कॉलरच्या घडीसारख्या. सगळं मोजून. कलिंगडाच्या बिया सुईनं काढल्या, खरंच सुईनं. साडेबारा वाजता ताट तयार होतं. फ्रीजमध्ये फळी मावणार नव्हती, कधीच मावली नाही, तर मास्तरांनी ओलं मलमल वर पसरलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

ह्यातही त्यांचा एक हिशेब होता. कारखान्यात कापड आलं की लगेच कापत नाहीत. गुंडाळी सोडून दिवसभर पडू देतात. त्याचा ताण गेला की ते बसतं आणि मग जे माप असेल ते टिकतं. मास्तरांनी आयुष्यभर हेच केलं होतं, त्यामुळं कुठलीही चांगली गोष्ट पडू दिली की सुधारते असा त्यांचा मनापासून समज होता.

तेवढ्यात लेक उठली. कॉलेजची सुट्टी, त्यामुळं एक वाजता सकाळ झाली होती. तिनं मलमल उचलून बघितलं आणि ओरडलीच.

"बाबा! अहो हे काय आहे! हे खायचं कसं, फ्रेम करायला पाहिजे!"

खटाखट चार फोटो काढले आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकून मोकळी. अंगठे आले, टाळ्या आल्या, आणि सेक्रेटरींचं आलं, "वा मास्तर! कप कॅन्सल केले."

मास्तरांनी ते लेकीकडून दोनदा वाचून घेतलं. मग आतल्या खोलीत जाऊन पंख्याखाली आडवे झाले आणि बुधवारपासून पहिल्यांदा त्यांना झोप लागली.

दार वाजलं तेव्हा चार वाजायला दहा कमी होते. बाईला उशीर झाला होता. ती आत आली, पिशवी ठेवली, टेबलाकडं बघितलं. टेबलाखाली गुलाबी पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि त्यात मुंग्या.

तिनं मलमल उचललं. कलिंगडाची किरणं सुटून वितळल्यासारखी पसरली होती. खरबुजाला पाणी सुटून ते काचेसारखं झालं होतं. केळी काळी. सफरचंदाच्या चकत्या चहाच्या रंगाच्या. पपई किवीत आणि किवी अननसात, आणि सगळी आखणी त्या पाण्यावर तरंगत होती.

मास्तर दारात उभे होते.

"कितीला कापलं?"

"साडेबाराला झालं."

"ह्या उन्हात?" बाई म्हणाली. मग तिनं मलमल पिळून बाजूला टाकलं.

लेक मोबाईल घेऊन आली. "बाबा, कप आता नाहीत मिळणार, मी दुकानात फोन केला, ते म्हणतायत उद्या." एवढं बोलून तिला रडायलाच यायला लागलं, कारण फोटो तिनं टाकला होता.

"रडतेस काय, नाक पुस आणि मोठं पातेलं काढ," बाई म्हणाली. "केळी आणि सफरचंद टाकून दे. बाकी सगळं पाण्यासकट पातेल्यात. गाळून घे, साखर घाल, वाण्याकडून बर्फ आण. प्यायला होईल." मग मास्तरांकडं वळली. "न कापलेलं काय उरलंय?"

"दोन कलिंगडं. एक खरबूज. द्राक्षं आहेत, ती मी घेतलीच नव्हती, गोल असतात, आखणीत बसत नाहीत."

"बसतील. आधी खरबूज."

मास्तरांनी सुरी घेतली. हाताला सवय मापाची, ते पहिली फोड डोळ्यासमोर धरून बघायला लागले.

"अहो, खायचंय ते. शिवायचं नाहीये."

"मोठी मोठी होतायत."

"तोंडं आहेत लोकांना. कापा."

कापलं. खरबूज झालं, तिनं ते एका थाळीत फ्रीजमध्ये सारलं. कलिंगडावर हात टाकला तर म्हणाली, थांबा. पाच मिनिटं मास्तर सुरी धरून नुसते उभे. फळी धुऊन कोरडी झाली. घड्याळ बघून ती म्हणाली, आता. मास्तरांनी कलिंगड फोडलं. मग दुसरं. फोडी वेड्यावाकड्या होत्या आणि बिया तशाच होत्या. मास्तरांना ते बघवत नव्हतं, पण हात चालू होते.

"आता?" त्यांनी विचारलं. आठ वर्षांत त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता.

"द्राक्षं. घोस मोठे आहेत, लहान लहान करायला पाहिजेत. सुरीनं चेंगरतील. हातानं तोडायची म्हटलं तर अर्धा तास जाईल."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. मग त्यांनी साखरेचा डबा बाजूला केला, मागून फडकं काढलं, सोडलं, कात्री नळाखाली धरली आणि द्राक्षांच्या देठाला लावली. खट्. खट्. देठ तुटले.

"अहो," बाई म्हणाली, "कापडाची आहे ना ती."

"कापड मशीन कापतंय आता. उद्यापासून मला बटणांवर बसवलंय."

खट्. खट्. लेकीची पातेल्यातली पळी थांबली.

"माहितीय," बाई म्हणाली. "म्हणजे बटणांचं नव्हतं माहीत. पण गुरुवारी साखर काढताना हाताला कात्री लागली, तेव्हा काहीतरी आहे हे कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वेळ झाली नव्हती." तिनं पुढचा घोस हातात दिला. "भांडलात का मालकांशी?"

"खुर्ची दिली त्यांनी."

"मग झालंच."

साडेपाचला ताट वर गेलं. कडेला द्राक्षांचे घोस, आत कलिंगडाचे ओबडधोबड डोंगर, मध्ये खरबूज. किरणं नाहीत, चंद्रकोरी नाहीत. शेजारी पातेलंभर गार सरबत. सेक्रेटरींनी मोबाईलवरचा फोटो उघडला, ताटाकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं.

"मास्तर, हे फोटोतलं कुठं गेलं?"

"धुतल्यावर आटलं," मास्तर म्हणाले.

लोक हसले आणि खायला बसले. गरम होत होतं, पोरं पळून पळून तापली होती, कुणी माप बघितलं नाही. पोरांनी बियांची लांब थुंकायची स्पर्धा लावली, त्यात सेक्रेटरी दुसरे आले. तळमजल्यावरच्या आजीबाई म्हणाल्या फोडी जरा मोठ्या झाल्यात, पण तीन खाल्ल्या. सरबताला अननसाचा वास कसा काय आला, असं दोघीतिघींनी विचारलं आणि बाईनं कुणालाच सांगितलं नाही. सातच्या आत फळी रिकामी होती. ती मास्तरांच्या कापण्यामुळं रिकामी झाली का उन्हामुळं, हे काही ठरवता येण्यासारखं नव्हतं, आणि मास्तरांनीही विचारलं नाही.

"पुढच्या वर्षी कप?" जिना उतरताना सेक्रेटरींनी विचारलं.

"हिला विचारा," मास्तर म्हणाले.

"बघू. वेळ आहे अजून," बाई म्हणाली.

घरी आल्यावर मास्तरांनी कात्री धुतली, पुसली, खिळ्याच्या जागी एक थेंब तेल सोडलं. पुन्हा फडक्यात गुंडाळायला घेतली आणि थांबले. ओट्याच्या वरती भिंतीत एक खिळा होता, त्याला गाळणी टांगलेली असायची. त्यांनी गाळणी काढून फडताळात ठेवली आणि कात्री टांगली.

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला कारखान्यात गेले आणि नेहमीच्या वेळेला परत आले. बाई कोथिंबीर निवडत होती.

"काय करायला दिलं?"

"दोन भोकांची एकीकडं, चार भोकांची एकीकडं."

"चार भोकांची जास्त असतील."

"बरीच जास्त," मास्तर म्हणाले. मग कात्रीकडं बघून म्हणाले, "ओली का दिसतेय ही?"

"दुधाची पिशवी कापली मी," बाई म्हणाली.

मास्तर तीन मिनिटं बोलले नाहीत. चौथ्या मिनिटाला त्यांनी चहा मागितला.