बाळंतिणीच्या खिडकीला काच

उभ्या परभणी जिल्ह्यात दुसऱ्याच्या झोपेची एवढी काळजी वाहणारा माणूस दुसरा झाला नसेल. तो मान माझ्या बायकोच्या मामांचाच. मामा परभणीत जनावरांच्या डॉक्टरांना शिकवायचे आणि घरी हौसेनं पांढरे उंदीर पाळायचे. भेटल्यावर लोक ‘काय चाललंय?’ विचारतात, मामा विचारायचे, ‘झोप कवा लागती?’ एका लग्नात त्यांनी हे खुद्द नवरदेवालाच विचारलं आणि मांडवात हशा पिकला. त्यात हसण्यासारखं काय, ते मामांना कधीच कळलं नाही. उंदीर असो, शेळी असो की माणूस, पोटात असतानाच पिल्लाच्या मेंदूत घड्याळ सुरू होतं आणि ते आईच्या दिवसरात्रीवर चालतं. जन्मल्यावर मात्र त्याला उजेडाशी जुळवून घ्यावं लागतं, असं ते चहा गार होईस्तोवर सांगत. आम्ही नुसते हूं हूं करायचो.

मग आम्हाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, पेडगावला. रिवाजाप्रमाणे बाळंतिणीच्या खोलीची खिडकी पोत्यांनी गच्च बुजवलेली, आत शेगडी. पोर दिवसभर गाढ झोपे आणि रात्रभर रडे. सासूबाईंनी दृष्ट काढून पाहिली. बायकोचे डोळे खोल गेले, दूध आटू लागलं, आणि मी खरंच घाबरलो. शेवटी मामांना निरोप धाडला.

बंद-मोर्चांचे दिवस, एसटीचा भरवसा नाही. तरी मामा आले, खिडकीएवढी काच पोटाशी धरून, सगळी वाट उभ्यानं. कंडक्टरनं म्हणे काचेचंही तिकीट फाडलं. आल्या आल्या मामांनी पोती ओढून काढली.

“आरं, बाळंतिणीला वारं लागंल की!” सासूबाई ओरडल्या.

“म्हणून तर काच आणली, आक्का. वारं भाईर राहील. पोरीला दिवस दिसायला नको का? आन् रातीला दिवा बारीक ठेव.”

काच बसली. लगेच काही घडलं नाही. सासूबाई भावाशी बोलेनात. पण हळूहळू पोर दुपारी डोळे उघडून खिडकीकडे बघू लागली, रात्रीचं रडणं कमी झालं, आणि एका सकाळी बायको पडवीत येऊन म्हणाली, “रातभर झोपले मी.” सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझा जीव भांड्यात पडला. मी मामांचे पायच धरले.

“उठा हो, जावईबापू. जरा उशिरानं का होईना, आपसूक जुळलंच असतं ते,” मामा म्हणाले. मग पोरीकडे बघत, “आमच्या घरी रातभर जागवायला कुणी आलंच न्हाई.”

त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं. ती झोपली, तरी किती तरी वेळ खाली ठेवली नाही.