सुनंदाचं विरजण

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज सांगावंसं वाटलं.

माझी बायको सुनंदा गेली त्याला चार महिने झाले. घरचं दहीही तेव्हाच बंद झालं. जाहिरात पाहून मी पोटातल्या चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल आणल्या आणि त्यांच्या भरवशावर शुगरची गोळी सोडली.

आज सकाळी रिपोर्ट आला. शुगर बरीच वाढली होती. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, कॅप्सूल गोळीची जागा घेत नाही. डॉक्टरांना आजच भेटा. आणि डाळ, भाजी, घरचं दही खा. पोटातल्या जिवाणूंनाही जेवण लागतं."

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. कॅम्प-१ या आमच्या वस्तीत परतल्यावर शेजारच्या मंदाताईंकडे विरजण मागितलं.

"भाऊजी, हे वहिनीचंच हाय. दोन साल झाले नेलं होतं, तुटू नाही देलं. मागाले इतके दिवस कावून लावले?"

रोज एक चमचा मागे ठेवून या बाईने ते जगवलं होतं.

संध्याकाळी दही लागलं. चव तीच होती. आधी उद्यासाठी चमचाभर काढून ठेवलं, मग जेवायला बसलो.

तुमच्या घरचं विरजण कोणाकडून आलं आहे?