मशीनला न दिसलेला शर्ट

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि खुशाल हसते. आमच्या सासूबाई दर अमावास्येला दारात लिंबू कापायला घेतात, तेव्हा मी म्हणते, आई, त्यापेक्षा सरबत करा, ऊन फार आहे. अशी मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघड वाटतंय... पण लिहिते.

नागपूरला कोराडी रोडवर, मानकापूरच्या पुढे, एका मोठ्या लॉन्ड्रीत मी सुपरवायझर आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, कारखान्यांचे युनिफॉर्म असा आमचा कारभार. प्रेस झालेल्या शर्टांची घडी घालायला एक मशीन आहे. टेबलावर शर्ट पालथा ठेवायचा, कॉलर खुणेला लावायची, पेडल दाबायचं. वरून पत्रा खाली येतो, बाजूचे दोन हात बाह्या आत घेतात आणि तयार घडी पलीकडच्या ट्रेमध्ये सरकते. टेबलावर कपडाच नसेल तर मशीन चालत नाही, स्क्रीनवर 'नो गारमेंट' असं येतं. बस्स, एवढीच त्याची अक्कल.

गेल्या वर्षी मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, मशीनवरच्या मंदाने मला हाक मारली.

"संध्याताई, हे मशीन येडं झालं वं! शर्ट समोर हाये अन् म्हणते कपडाच नाही."

आकाशी रंगाच्या युनिफॉर्मचा लॉट चालू होता, तीनशेच्या वर शर्ट. मी म्हटलं, सेन्सर पूस. तिने पुसला. दुसरा शर्ट ठेवला, सुरेख घडी झाली. तिसरा, चौथा, तेही झाले. पुन्हा तो पहिला ठेवला... नो गारमेंट. मी स्वतः ठेवून पाहिला, तेच. ओलसर राहिला असेल म्हणून मी तो गालाला लावून बघितला. कोरडा खडखडीत, आणि आमच्या पावडरीचा नेहमीचा वास. वेगळं एवढंच दिसलं की दुसरं बटन लाल धाग्याने लावलेलं होतं. "ठेव बाजूला, हातानं घडी घालू," असं सांगून मी निघून गेले. शर्ट मंदाच्या स्टुलावर पडून राहिला.

एक वाजता काउंटरवर एक बाई आली. चाळिशीची असेल. कोराडीहून बसने, तेवढ्या उन्हात, डोक्यावरून पदर घेऊन.

"ताई, परवा माह्या दिरानं सात शर्ट आणून देल्ले. त्यातला एक मले वापस पाहिजे."

"सातही नेता येतील संध्याकाळी."

"नाही वं ताई, तयार नाही पाहिजे. तसाच पाहिजे. धुतला तं नाही ना?"

मी तिला आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तिचा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला होता. दहा दिवसांपूर्वी गेला. "ड्युटीवरून आले, शर्ट खुंटीले अडकवला, अन् आंघोळीले गेले. बस, तिथंच पडले." तेरवी झाली की कपडे कुणा गरजूला द्यायचे म्हणून दिराने ड्युटीचे सगळे शर्ट धुवायला गोळा केले, आणि त्यात खुंटीवरचा तोही गेला. "रात्री मी तो उशाशी घेऊन झोपत होती ताई. त्यायचा वास होता त्याले. दिराले काय मालूम, त्याची काही चूक नाही."

पण चूक होती, आणि ती माझी होती. घरगुती कपडा आला की आधी कॉलरला नंबरची चिंधी टाकायची, मग वेगळा धुवायचा, हा आमचा नियम. इतरांना तो मीच रोज ऐकवते. पण ते सात शर्ट आले त्या दिवशी घाई होती, आणि शर्ट नेमके त्याच आकाशी रंगाचे, लॉटमधल्यासारखेच. काय फरक पडतो म्हणून मी ते बिनचिंधीचे लॉटमध्ये ढकलून दिले होते. नियमाने गेले असते तर त्यांची पाळी अजून आलीच नसती आणि बाईला तिचा शर्ट जसाच्या तसा मिळाला असता.

खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण वासाच्या बाबतीत खोटं टिकणार किती? मी म्हटलं, "बाई, माझ्या हातून चूक झाली. सगळेच धुतले गेले." ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तं मंग कोणता होता तो तरी दाखवा. दुसऱ्या बटनाले लाल धागा हाये. पांढरा नव्हता घरी, म्हणून मीच तसं लावलं होतं."

मशीनपाशी ऐकत उभ्या असलेल्या मंदाने लगेच स्टुलावरचा शर्ट आणून तिच्या हातात दिला. तिने आधी बटनावरून बोट फिरवलं आणि मग शर्टात तोंड खुपसलं. किती वेळ ती तशीच बसून होती. आता हिचा बांध फुटणार, या विचाराने मला तिथे उभं राहवेना.

तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

"तुमी तं म्हणता धुतला! अवं, हा तं तसाच हाये."

मला वाटलं, दुःखाने बाईला भास होतोय. मंदाने पुढे होऊन वास घेतला आणि "अवं माय!" करत दोन पावलं मागे सरली. मग मी घेतला.

खर्र्याची तंबाखू-सुपारी, खोबरेल तेल, घाम, आणि कॉलरला कोराडीच्या कोळशाच्या राखेचा तो कोरडा वास. आठ वर्षं मी त्या भागातले कपडे हाताळते आहे, तो वास मला झोपेतही ओळखता येईल. आणि एकाच धुण्यात तो साफ जातो हेही मला ठाऊक आहे. शर्ट माझ्या हातात कडक प्रेस केलेला होता. दोन तासांपूर्वी मी तोच गालाला लावला होता, तेव्हा पावडरीशिवाय कसलाही वास नव्हता.

खरं सांगू? त्या क्षणी मला भीती बिलकुल वाटली नाही. जीव भांड्यात पडला. मी तिथेच कपड्यांच्या ट्रॉलीला टेकून लहान पोरीसारखी रडले, आणि ती बाईच माझी पाठ थोपटत राहिली. मग तिने शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठीवर गाठ मारली आणि दोनची बस पकडायला निघून गेली.

नंतर मी बरेच उपद्व्याप केले. मशीनच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, सेन्सरला फक्त कपडा आहे की नाही एवढंच कळतं, कुणाचा आहे ते नाही. आम्ही ओले शर्ट टाकून पाहिले, काळे टाकून पाहिले, मंदाची ओढणीसुद्धा टाकली. मशीनने सगळ्यांच्या घड्या घातल्या. तो एक शर्ट धुवायचाच राहून गेला असेल म्हणावं, तर मळक्या शर्टावर गरम प्रेस फिरली की कॉलर पिवळी पडते, याची तशी नव्हती. आणि माझ्या नाकाचं काय करायचं?

यंदाच्या मे महिन्यात ती बाई पुन्हा आली. हातात तीच पिशवी.

"ओळखलं काय ताई? वास गेला आता त्याचा. मंग म्हटलं, किती दिवस बांधून ठेवू! पोरीले प्लांटात काम लागलं. ते म्हणते, बाबाचा शर्ट मीच घालीन. धुवून द्या."

या खेपेला चिंधी मी माझ्या हाताने टाकली, डबल टाके घालून. शर्ट वेगळा धुतला, प्रेस करवला आणि बाईला मशीनपाशी बोलावून, गेल्या वर्षी मशीनला तो कसा दिसतच नव्हता ते सांगितलं. मंदाने कॉलर खुणेला लावली. तिघींच्याही नजरा स्क्रीनवर. मंदाचा पाय पेडलवर होता, पण दाबायची तिची हिंमत होईना, शेवटी मीच तिला कोपराने ढोसलं.

पत्रा खाली आला. बाह्या आत गेल्या. घडी सरळ ट्रेमध्ये येऊन पडली.

"दिसला वं आता त्याले," बाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मी पिशवी शोधायला लागले तर तिने माझा हात धरला. "पिशवी कायले पाहिजे ताई? उद्याच घालायचा हाये पोरीले." शर्ट छातीशी धरून ती उन्हात निघून गेली.

मशीन कालही चालू होतं, आजही चालू आहे. तो मेसेज तेव्हापासून फक्त रिकाम्या टेबलावरच येतो. हे असं का झालं, मला आजही सांगता येत नाही. सासूबाईंच्या लिंबाला मात्र मी आता हसत नाही, आणि चिंधी टाकल्याशिवाय एकही कपडा आत जाऊ देत नाही.